उतारासाठी इंजिन

डंपरला नवं इंजिन कोणतं बसवायचं हे ठरवायला रविवारी सकाळी सगळं घर डोकमर्डीच्या अंगणात जमलं, तेव्हा डंपरही तिथंच उभा होता. त्याचं बॉनेट काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि इंजिनाच्या जागी नुसती पोकळी होती. त्या पोकळीत शेजारच्यांच्या कोंबड्या खुशाल जाऊन बसत. आबांच्या पत्नी केसरबाई त्यांना हाकलायच्या, त्या परत यायच्या, आणि दोन्ही बाजूंना याचा कंटाळा येत नव्हता.

थोरला नवनाथ याच डंपरच्या अपघातात गेला, त्याला चार महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत आबांनी वाकडी चेसिस सरळ करून आणली, चेपलेली केबिन वापीला ठोकून घेतली, तिला निळा रंग दिला. हे सगळं त्यांनी कुणाला न विचारता केलं. इंजिनाचं मात्र त्यांनी घराला विचारायचं ठरवलं आणि घराला त्याचंच नवल वाटलं. आबांनी जन्मभर घराला फक्त सांगितलं होतं. सोनीनं पीडब्ल्यूडीतल्या कोकणी कारकुनाशी लग्न लावलं तेव्हाही ते काही विचारायला गेले नाहीत, नुसते लेकीशी दीड वर्ष बोलले नाहीत. आज तोच कारकून, दत्तात्रय, जावई म्हणून घरातल्या एकुलत्या एका धड खुर्चीवर बसला होता आणि आबा बाजेवर. थोरला मुलगा गेला आणि म्हातारा मवाळ झाला, असं जो तो म्हणायचा.

नवनाथची बायको ममता स्वयंपाकघराच्या दारात खाली बसली होती. राखोलीच्या सुताच्या कारखान्यात ती कामाला जायची, पण रविवारी सुट्टी. सासऱ्यासमोर बसून मत द्यायची या घरात सुनांची रीत नव्हती. ऐकायला मात्र कुणी अडवत नव्हतं.

निवड दोन इंजिनांतून करायची होती. एक आबांच्या पसंतीचं. मधुबन धरणाच्या कामावर ज्या गाड्या होत्या, त्यांतल्या एका मोडीत निघालेल्या गाडीचं मोठं जुनं इंजिन भिलाडच्या गॅरेजात खोलून नव्यानं बांधलेलं होतं. आबा साक्रीकडून इकडे आले ते त्या धरणावरच ड्रायव्हर म्हणून, आणि तसल्याच इंजिनावर त्यांचा हात बसला होता. दुसरं लखनच्या, म्हणजे धाकट्याच्या पसंतीचं. कोरं करकरीत, टर्बोचं, अंगानं लहान आणि जोरानं मोठं. ते विकणारा विश्वनाथ नावाचा माणूस वापीहून मोटारसायकलवर आला होता. त्याची भाषा वाक्यागणिक गुजराती-मराठीची हद्द ओलांडायची.

"जुओ काका," तो आबांना म्हणाला, "भरेली गाडी खाणीतून वर काढायची ना, तर हे इंजिन एकदम आरामसे काढेल. डिझेल बी कमी पितं. जुन्या इंजिनात तुम्ही डिझेल घालत नाय, ओतता."

"चढायचं काय ते कळलं," आबा म्हणाले. "सांभाळायचं काय काय असतं?"

"कायच नाय. एकच. तापलेलं इंजिन फट करून बंद नाय करायचं. थोडा वेळ स्लोमध्ये फिरू द्यायचं, मग बंद. तापलेल्यात बंद केलं का टर्बोला तेल भेटत नाय. बेरिंग जळून जातं."

"मग उतारावर?"

"उतारावर काय, काका?"

"उतारावर बंद कशी करायची?"

विश्वनाथ हसला. म्हाताऱ्याची गंमत म्हणून त्यानं ती घेतली असावी. "उतारावर गाडी कोण बंद करतं?" तो म्हणाला. अंगणात दुसरं कुणी हसलं नाही हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग त्यानं चहा संपवला, उद्या फोन करतो म्हणाला आणि निघून गेला.

उतारावर गाडी बंद करायचे या घरात. धरणावर असताना आबांनी ते सुरू केलं होतं. भरलेला डंपर खालपर्यंत आपल्या वजनानंच येतो, मग इंजिन कशाला जाळायचं, असा तो हिशेब. वाचलेलं डिझेल ड्रायव्हरचं. पुढं गाडी स्वतःची झाली, डिझेलही स्वतःचं झालं, तरी ते सुटलं नाही, कारण तोवर त्याला इज्जत चिकटली होती. खेरडीच्या पुढच्या टेकडीवर त्यांची खाण. खड्ड्यातून भरलेला डंपर कड्यावर आला की ड्रायव्हरनं डॅशबोर्डखालची काळी मूठ ओढायची. तिला सगळे स्टॉप म्हणत. ती ओढली की डिझेल तुटतं, इंजिन बंद पडतं, आणि परत आत ढकलेपर्यंत ती मूठ बाहेरच राहते. मग सगळा उतार आवाजाशिवाय. याला घरात 'मुकी आणणं' म्हणत. कुणी नवा ड्रायव्हर भेटला की आबा त्याची ओळख विचारायचे ती एवढीच, मुकी आणतो का?

आणि यातलं भय सगळ्यांना माहीत होतं, तेच तर त्यातलं मोठेपण. ब्रेक हवेवर लागतो आणि हवा इंजिन भरतं. इंजिन बंद म्हणजे टाकीत असेल तेवढ्याच हवेवर खाली यायचं. ब्रेकचा प्रत्येक दाब टाकीतून थोडी हवा खातो. आबा तीन दाबांत खाली यायचे. नवनाथला चार लागायचे, आणि त्या एका दाबावरून त्याला लग्नानंतरही बोलणी खावी लागत.

ममताला एकदम काहीतरी उमगलं आणि तिनं पदर सारखा केला. टर्बो बसवला तर गाडी मुकी आणताच येणार नाही. कुणाला काही न सांगता, कुणाचं काही न उघडं पाडता हे बंद होईल. चार महिने ती जे शोधत होती ते हा माणूस चहाच्या कपाबरोबर ठेवून गेला होता.

"टर्बो आपल्या कामाचं नाही," आबा म्हणाले.

"आबा, ऐका तर," दत्तात्रय म्हणाला. तो प्रत्येक शब्द जागच्या जागी ठेवून बोलायचा, आणि त्यामुळेच या घरात त्याचं अर्धं बोलणं वाया जायचं. "आमच्या ऑफिसात रस्त्याची टेंडरं येतात, त्यात आता नवी गाडीच मागतात. जुनं इंजिन आज स्वस्त पडेल, पण पाच वर्षांनी तुम्ही परत इथंच बसलेले असाल."

"पाव्हणं, तुमच्या हापिसातल्या गाड्या डांबरावर चालतात."

"मी पण तेच म्हणून राह्यलो, आबा," लखन म्हणाला. "टर्बो घेऊ. सगळे घेऊन राह्यले. राखोलीच्या भरावाच्या कामावर आपली गाडी सगळ्यात मागं राहायची. लाज वाटते भो."

"लाज वाटते." आबांनी तेवढंच म्हटलं. केसरबाई डंपरापाशी कोंबड्यांवर हात उगारून उभ्या होत्या, त्या तिथूनच म्हणाल्या, "ज्या इंजिनावर तुम्ही पोरं मोठी झाली त्याची लाज नको वाटू देऊ, लखन." मग कोंबड्या उडाल्या आणि बोलणं थांबलं.

थोड्या वेळानं आबा बोलले ते कुणाकडं न पाहता. "माझा नवनाथ का गेला? इंजिन चालू ठेवून उतरला म्हणून गेला. चालू इंजिनाच्या भरवशावर ब्रेक दाबत आला. मधल्या वळणावर इंजिन आपोआप मेलं आणि तोवर हवा संपलेली. मुकी आणली असती तर पहिल्या दाबापासून सावध राहिला असता. इथं बसला असता." त्यांनी बाजेवरची शेजारची जागा हातानं दाखवली. "म्हणून लखनला रोज सांगतो, बंद कर आणि उतर. सध्या आपली नाही, भाड्याची गाडी असली तरी बंद कर. हातात बसू दे. इंजिनाचा काही भरवसा नाही. आता तुम्ही मला असं इंजिन सांगता की जे बंदच करायचं नाही."

ममता उठून आत गेली. पोळ्या करायच्या होत्या, तेवढं निमित्त पुरलं.

तिनं पीठ मळायला घेतलं. आबा हे बोलायला लागले त्याला महिना झाला असेल. प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आता तोंड उघडावं, आणि प्रत्येक वेळी ती गप्प बसायची. कारण इंजिन आपोआप मेलं ही गोष्ट आबांना तिनंच दिली होती.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी डंपर नाल्यातून ओढून अंगणात आणला होता. घरच्या माणसाचं रक्त बाहेरच्यानं धुवायचं नाही, असं केसरबाई म्हणाल्या आणि तिथंच पडल्या, त्यांना उठवेना. म्हणून बादली घेऊन ममता चढली. दार निघालेलं, सीट फाटलेली, काचेचा चुरा. तिनं फडकं पिळलं, स्टिअरिंग पुसलं, आणि मग तिला ती काळी मूठ दिसली. बोटभर बाहेर आलेली. नवनाथनं कड्यावर ती ओढली होती, नेहमीसारखी, बाप सांगतो म्हणून. ममताला सगळं कळायला तेवढं पुरलं. तिनं ओल्या हातानं मूठ आत ढकलली. का, तर नवऱ्याला कुणी मूर्ख म्हणू नये. आणि बाहेर भिंतीशी बसलेल्या म्हाताऱ्याला कळू नये की त्याच्याच शिकवण्यानं त्याचा मुलगा मेला. त्या वेळी तिला तो पुण्याचा भाग वाटला होता. आता त्याच मुठीवर आबांनी नवा धडा रचला होता आणि तो लखनला रोज घोकायला लावत होते. हे तिनं केलं होतं. दुसऱ्या कुणी नाही.

सोनी आत आली आणि पोळपाट ओढून बसली. "वहिनी, तुझा चेहरा का असा झालाय?"

"सोने, तुझ्या नवऱ्याला सांग, टर्बो सोडायचं नाही. काही झालं तरी."

"तो कशाला सोडेल? पण आबा त्याचं ऐकतील होय? त्यांनी आत्ताशी त्याला खुर्ची दिलीय." सोनीनं लाटणं थांबवून तिच्याकडं पाहिलं. "तुला काय एवढं टर्बोचं?"

"भाऊजी रोज मुकी आणतात."

"आपल्याकडं सगळेच आणतात." सोनी हे म्हणाली आणि मग तिचा आवाज खाली आला. "तू बोल ना आईशी. आई म्हणाली तर आबा ऐकतात. लोकांसमोर नाही, पण ऐकतात."

ममता केसरबाईंशी बोललीही. त्या पाणी प्यायला आत आल्या तेव्हा तिनं हळूच म्हटलं, "आई, टर्बोच घेऊ द्या. नवी गाडी नव्या पद्धतीनं चालेल."

केसरबाईंनी तांब्या खाली ठेवला. "पोरी, ह्यांचं आता काय राह्यलंय? मोठा पोऱ्या गेला, ह्यांना ट्रक चालवता येत नाही, डोळ्याला दिसत नाही. खाणीवर उभं राहून लखनकडं बघतात, तेवढ्यावर जगून राह्यले. ते इंजिन घेतलं तर त्यांना त्यातलं कळेल, चार शब्द सांगता येतील. टर्बो आलं की ह्यांना कोण विचारेल? मी नाही सांगणार." आणि त्या बाहेर गेल्या. त्यांचं चूक होतं असंही ममताला म्हणता येईना.

उरला लखन. तो पोळीचा तुकडा तोडून घ्यायला आला तशी ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मागं हटू नका."

"नाय हटत, वहिनी," तो म्हणाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. गेले चार महिने तो तिच्याकडं नीट पाहतच नव्हता, आणि ते दिराचं दुःख असेल असं ती समजून होती.

बाहेर दत्तात्रयनं परत जोर लावला होता. इंजिनाची हमी, सुटे भाग, वापीत मिळणारा मेकॅनिक, सगळं तो एकेक करून मांडत होता. आबा ऐकत होते, म्हणजे बोलू देत होते. सोनीही नवऱ्याच्या बाजूनं दोन शब्द बोलली आणि तेव्हा आबांनी तिच्याकडं पाहिलं, दीड वर्षाच्या अबोल्यातल्यासारखं नव्हे, जरा मायेनं. क्षणभर ममताला वाटलं की हे जमणार.

"लखन," आबा म्हणाले, "गाडी तू चालवणार. तू सांग. पण मुकी आणणार नाही असं मला तोंडावर सांग, मग घे टर्बो."

सगळे लखनकडं बघायला लागले. चोवीस वर्षांचा, रुंद खांद्याचा, बापाच्याच नाकाचा पोरगा. तो आपल्या चपलेकडं बघत राहिला.

"आबा, असं करू," तो शेवटी म्हणाला. "टर्बो घेऊ आणि मुकीच आणू. बेरिंग जळायचं तर जळू द्या. जळलं तर टर्बो काढून टाकू, इंजिन त्याच्याशिवाय बी चालतं. जोर कमी मिळेल, बस. तुम्ही शिकवलं ते मी नाय सोडणार."

दत्तात्रयनं कपाळाला हात लावला. आबांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं असं समाधान आलं, आणि केसरबाईंनी ते पाहिलं आणि त्याही सैलावल्या. घर एकदम एका बाजूला आलं. इंजिन कोणतंही येवो, स्टॉप ओढला जाणारच होता.

ममता उठून दाराबाहेर आली. पीठ लागलेले हात तिनं तसेच धरले होते.

"आबा, इंजिन आपोआप बंद पडलं नव्हतं."

तिचा आवाज अंगणात इतका अनोळखी होता की आधी कुणाला ती काय म्हणाली तेच कळलं नाही. केसरबाई म्हणाल्या, "ममता, आत जा."

"ह्यांनी स्टॉप ओढला होता. मुकीच आणत होते. केबिन मी धुतली, मी बघितलं. मूठ बाहेर होती. मी ती आत ढकलली."

"खोटं आहे," केसरबाई म्हणाल्या. "माझ्या मेलेल्या लेकरावर आळ घेते. चार महिने गप्प होती आणि आता पाव्हण्यासमोर..."

आबांनी हात वर केला. त्या थांबल्या. आबांनी ममताच्या पिठाच्या हातांकडं पाहिलं.

"कशाला ढकललीस?"

"तुमच्यासाठी, आबा. आणि ह्यांना लोकांनी नाव ठेवलं असतं म्हणून."

"तू धुवून खाली उतरलीस, त्यानंतर मी केबिनमध्ये चढलो होतो." आबा सावकाश बोलत होते, दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसे. "सगळं ओलं होतं. मी दुसरं काही बघायला चढलोच नव्हतो. तेच बघायला चढलो होतो. मूठ आत होती. मी तिथं बसून रडलो, तुम्ही सगळ्यांनी बघितलं. तुम्हाला वाटलं पोरासाठी रडतो. पोरासाठी नव्हतो रडत. माझ्यामुळं नाही गेला, म्हणून रडत होतो. त्या रात्री मला झोप लागली."

सोनी दारात येऊन उभी राहिली होती आणि तिनं तोंडावर हात धरला होता.

"मग आज बाहेर का काढलीस?" आबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर ममताला सोपं गेलं असतं.

"भाऊजींसाठी," ती म्हणाली. "ते गेले तर मी कुणाला काय सांगू? आत ढकलायला परत मीच जाऊ?"

दत्तात्रयनं मान फिरवली. तो सरळ माणूस होता, आणि अशा वेळी सरळ माणसाला काय करावं ते सुचत नाही. आबा मात्र आता लखनकडं वळले होते.

"तू त्या दिवशी खाली वजनकाट्यावर उभा होतास."

"हो."

"गाडी वळणावरून आली तेव्हा इंजिनाचा आवाज होता?"

लखननं मान खाली घातली. ममताला वाटलं, तो आता म्हणेल आठवत नाही, आणि मग हे सगळं तिच्या एकटीच्या शब्दावर राहील, आणि कदाचित आबा तेच धरून बसतील.

"नव्हता, आबा," लखन म्हणाला. "मुकीच आली. तो खिडकीतून वाकून ओरडत होता. आवाज नव्हता ना गाडीला, म्हणून त्याचं ओरडणं ऐकू आलं. बायांनो बाजूला व्हा, असं. खडी फोडणाऱ्या बाया होत्या रस्त्यावर. त्या पळाल्या. मग त्यानं नाल्याकडं घेतली."

केसरबाई मटकन खाली बसल्या. सोनी त्यांच्याकडं धावली. ममताला हे माहीत नव्हतं. चार महिने ती त्याच्या शेवटच्या क्षणाचा विचार करत होती, तिला तो एकटा वाटायचा, घाबरलेला वाटायचा. तो ओरडत होता आणि लखननं ऐकलं होतं. म्हणून लखन तिच्याकडं पाहत नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायला तिचे हात पिठाचे होते.

"तुला ठाऊक होतं," आबा म्हणाले.

"हो."

"तरी तू रोज मुकी आणलीस. काल आणलीस. भाड्याची गाडी, तिचे ब्रेक कसे तेही तुला माहीत नाही. आज परत म्हणतोस, मुकीच आणणार." आबांचा आवाज पहिल्यांदा हलला. "का रे? भाऊ कसा मेला ते बघितलंस आणि तरी का?"

लखननं मान वर केली. त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"तुम्ही कड्यावर उभे राहून बघत असता, आबा."

एवढंच तो म्हणाला. त्यात ना तक्रार होती ना टोमणा. विचारलं म्हणून त्यानं सांगितलं होतं. बाजेचा सुंभ करकरला, कारण आबांनी दोन्ही हातांनी तिची कड धरली होती. केसरबाईंनी सांगितलेलं ममताला आठवलं, की तेवढ्यावर ते जगत होते, आणि तिला वाटलं की मघाशी आपण आतच बसून राहिलो असतो तर.

पण मग लखन मेला असता. आज नाही तर पावसाळ्यानंतर, कधीतरी. हे तिला तितकंच पक्कं कळत होतं.

"पाव्हणं," आबा शेवटी म्हणाले, "त्या वापीच्या माणसाला कळवा. टर्बो पाठव म्हणावं. आणि काढून बिढून काही टाकायचं नाही. जसं आहे तसं बसवायचं."

"कळवतो, आबा," दत्तात्रय म्हणाला.

"आणि लखन, उद्यापासून मी खाणीवर येत नाही."

"आबा, तसं नका करू."

"येत नाही. तू उतर कसा उतरायचा तसा. गाडी चालू ठेवून उतर. मला सांगू नकोस."

लखन उठला, पुढं आला आणि बापासमोर नुसता उभा राहिला. पाया पडावं की बाजूला बसावं हे त्याला ठरवता आलं नाही. आबांनी त्याच्याकडं वर पाहिलं नाही. थोड्या वेळानं तो फाटकाकडं गेला आणि तिथं पाठ करून थांबला. दत्तात्रय त्याच्यामागोमाग गेला. त्याला काय बोलायचं होतं कोण जाणे, पण तो गेला हे बरं झालं.

आत पोळी तव्यावर जळली होती. सोनीनं ती काढून टाकली आणि ममताला पाटावर बसवून तिचे हात धुतले. मग केसरबाई भिंतीला धरून आत आल्या. त्यांनी स्वतः ताट घेतलं, भाजी वाढली, दोन पोळ्या ठेवल्या. आबांचं ताट नेहमी ममता न्यायची. ती उठायला लागली, तशी केसरबाईंनी तिला हातानं थांबवलं.

"मी नेते."

"आई, मला बोलावंच लागलं."

"हो." केसरबाई ताट धरून उभ्या होत्या. त्यांचा आवाज कोरडा होता आणि डोळेही. "माझा लखन तू राखलास. मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ह्यांच्यासमोर आता तू जाऊ नकोस, ममता. आज नको, उद्या पण नको. तुझं तोंड दिसलं की त्यांना नवनाथ दिसेल."

त्या बाहेर गेल्या. ममतानं दारातून पाहिलं. केसरबाईंनी ताट बाजेवर ठेवलं आणि आबांचा हात धरून तो पोळीवर नेऊन ठेवला. आबांचा हात तिथंच राहिला. पोळी काही त्यांच्यानं मोडवली नाही.